बाबा हरले तेव्हा कोण हसलं

कार्यक्रमाला अजून वेळ होता, पण आईनं सगळ्यांना आधीच आणून बसवलं होतं. दवाखान्यात नंबर लावून बसवतात तसं. थोरला स्वतःच दातांचा डॉक्टर, त्यामुळे त्याला हे घरगुती वाटलं असावं. त्यानं सोफ्याचा मधला भाग पटकावला. शेजारी ताई, कोर्टातून थेट आलेली, अंगावर अजून काळा कोट. धाकटा स्टुलावर. आणि धाकट्याची बायको दाराशेजारच्या खुर्चीवर, वेळ आलीच तर कुणाच्या पायात न अडखळता बाहेर पडता येईल अशी.

बाबांना मात्र आईनं टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसवलं. "तुमचाच मान आहे," ती म्हणाली. बाबांना तिथं बसून फासावर चढल्यासारखं वाटत होतं.

कारण आपण हरलोय हे बाबांना पक्कं माहीत होतं. धाकट्याच्या बायकोला, म्हणजे धाकटीलाही माहीत होतं, कारण आईला गाडी लागते, थोरल्याला पेशंट सुटत नाहीत, ताईला तारखा, धाकट्याला रजा मिळेना, म्हणून जोडीदार म्हणून तीच त्यांच्याबरोबर गेली होती. बाकी कुणाला पत्ता नव्हता. 'पटकन बोला' या कार्यक्रमाच्या करारातच तसं होतं: टीव्हीवर येईपर्यंत निकाल कुणालाही सांगायचा नाही. दुसरा कुणी बायकोच्या कानात कुजबुजून मोकळा झाला असता. पण बाबांनी अख्खी नोकरी एका मोठ्या कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून केलेली. लिफ्टमध्ये ऐकलेलं लिफ्टबाहेर न्यायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आईनं तर एकदा त्यांना झोपेत विचारून पाहिलं, "अहो, किती जिंकलात?" बाबा झोपेतच म्हणाले, "तळमजला."

आता गप्प बसण्याचा अर्थ ज्याला जसा हवा तसा लागतो. एवढे गप्प आहेत म्हणजे घबाड मिळालंय, असं घरानं ठरवून टाकलं. थोरल्यानं त्या भरात हा टीव्ही आणला. तो इतका मोठा निघाला की आजोबांच्या फोटोला भिंत सोडून जिन्यात जावं लागलं. बाबा रोज जाता येता फोटोकडे बघून मनात म्हणायचे, नाना, थोडे दिवस कळ काढा.

पण बाबांना खरी काळजी होती ती टीव्हीची नाही. ती वरच्या खोलीची.

धाकट्यानं लग्न परस्पर केलं, त्यानंतरचं सगळं रामायण घरानं भोगून झालं होतं. आता कुठं ये-जा सुरू झाली होती. धाकट्याच्या भाड्याच्या खोलीच्या मालकाला खोली परत हवी होती, आणि वरची खोली तर रिकामीच होती. बाबांनी आईपाशी विषय काढला. आई म्हणाली, "बघू. कार्यक्रम होऊ दे." आईचं 'बघू' म्हणजे अर्धा होकार, हे सगळ्या घराला ठाऊक. उरलेला अर्धा आज मिळायचा होता. त्यासाठी धाकटीनं केक आणला होता आणि आईनं तो मुकाट्यानं कापला होता. आणखी काय पाहिजे.

"लागलं, लागलं," ताई म्हणाली.

भिंतभर बाबा आले. झगमगत्या काचेच्या जमिनीवरून ते खुर्चीकडे चालत निघाले होते.

"बाबा, असं काय चालताय?" थोरला म्हणाला. "पायाखाली अंडी ठेवल्यासारखे."

"बघ गुपचूप," बाबा म्हणाले.

पहिले प्रश्न सोपे होते. टीव्हीतल्या बाबांनी पटापट उत्तरं दिली. घरात टाळ्या पडल्या. धाकटीनंही वाजवल्या, जरा जास्तच जोरात. आईच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की ती बाबांकडे बघून चक्क लाजली.

मग तो प्रश्न आला. मधमाशीला डोळे किती? दोन, चार, पाच, आठ.

बाबा खुर्चीत सावरून बसले. हरणं यायचं होतं ते येणारच, पण त्याच्या आधी त्यांची गोष्ट यायची होती. ती घरच्यांनी ऐकावी म्हणून तर ते इतके दिवस मनातल्या मनात तिला घासूनपुसून ठेवत होते. कचेरीच्या लिफ्टमध्ये एकदा मधमाशांवाले दोन साहेब चढले. एकजण म्हणाला, "लोकांना वाटतं मधमाशीला दोनच डोळे असतात, पण खरं तर तिला—" आणि दुसरा मजला आला. दार उघडलं, दोघे उतरले. बाबांचं सगळंच ज्ञान असं होतं. सातव्या मजल्यावरच्या खात्याचं पूर्ण, दुसऱ्या मजल्यावरच्या खात्याचं अर्धं. ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी सूत्रसंचालकाला सांगितली होती, तेव्हा तो डोळे पुसेपर्यंत हसला होता आणि लोकांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या होत्या की मागचा कॅमेरावालाही थांबून ऐकत राहिला.

भिंतीवर सूत्रसंचालक म्हणाला, "मधमाशीला डोळे किती?"

भिंतीवर बाबा म्हणाले, "चार."

बस. तेवढंच. खुळखुळा वाजावा तसं पटकन. मधली गोष्ट, मधलं हसणं, टाळ्या, साहेब, लिफ्ट, काहीच नाही. भोंगा वाजला. आणि त्या भोंग्यावर, अख्ख्या भिंतीएवढा, धाकटीचा चेहरा आला.

धाकटी हसत होती. साधंसुधं नाही. मान मागे टाकून, डोळे मिटून, पोट धरून. थोरल्याला तिच्या वरच्या दाढेत भरलेलं सिमेंटसुद्धा दिसलं.

लगेच जाहिरात लागली. एक बाई फरशी पुसून स्वतःचं तोंड तिच्यात बघायला लागली.

केकची बशी धाकट्याच्या मांडीवर तिरकी होत होती.

"हसली," आई म्हणाली. अगदी हळू.

"आई, ते तसं नाही," धाकटी म्हणाली.

"नवरा नाही, दीर नाही. सासरा हरतोय आणि ही हसते." आई भिंतीकडे बघूनच बोलत होती. "जगाच्या देखत."

"अगं आई, ते तेव्हाचं हसणं नाहीये," धाकटा म्हणाला.

"तू होतास तिथं?"

धाकट्यानं बशी सरळ केली. तो तिथं नव्हता.

धाकटी उठून उभी राहिली. "सांगू का मी? कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्यांनी आम्हा सगळ्या जोडीदारांना ओळीत बसवलं. कानाला यंत्र लावलेली एक मुलगी आली. म्हणाली, आधी चेहरे काढून ठेवू, नंतर वेळ मिळत नाही. मग म्हणाली, आता तुमचा माणूस जिंकला. आम्ही जिंकल्यासारखं केलं. मग म्हणाली, आता टेन्शन. टेन्शन केलं. मग म्हणाली, आता हरला."

"आणि तू हसलीस," थोरला म्हणाला.

"माझ्या शेजारी दुसऱ्या एका स्पर्धकाची आई होती, दादा. तिला सांगितलं 'हरला', तर तिनं जो गळा काढला... त्या मुलीनं 'कट' म्हटलं तरी थांबेना. तिचा मुलगा मेकअपच्या खोलीतून धावत आला, काय झालं म्हणून. अर्धी दाढी झालेली त्याची. तो म्हणतोय, अगं मी अजून खेळलोच नाही, आणि ती त्याला मिठी मारून म्हणतेय, असू दे रे, असू दे. मला आवरलंच नाही."

ताईनं ओठ दाबले. थोरल्यानं खोकल्यासारखं केलं. पण आईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"म्हणजे नाटक," आई म्हणाली.

"अन्याय म्हणतात त्याला," ताईनं कोटाच्या बाह्या वर केल्या. "स्पर्धकावर सरळ सरळ अन्याय. नोटीस पाठवता येईल."

"कसली नोटीस?" थोरला म्हणाला. "सही केलीये बाबांनी. बाबा चार म्हणाले की नाही?"

"म्हणाले."

"बरोबर उत्तर पाच होतं की नाही?"

"दादा, हरण्याचं कोण म्हणतंय. हरले तर हरले. माणूस अर्धा कापून दाखवायचा, आणि वर घरच्यांची तोंडं कुठून तरी आणून चिकटवायची, हा कुठला न्याय?"

"त्यांना कार्यक्रम चालवायचाय. विचार करणाऱ्या माणसाकडे कोण बघत बसणार? तू बसशील?"

"तू पेशंटची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसवशील का?"

"कवळीचा इथं काय संबंध?"

"हेच केलंय त्यांनी."

एरवी बाबांनी दोघांचं हे भांडण चवीनं ऐकलं असतं. लहानपणापासून दोघं असंच भांडत आलेली, खोडरबरावरून सुद्धा. पण आई त्यांच्याकडे वळली होती.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुम्ही समोर होता. तुम्ही हरलात तेव्हा ही हसली की नाही?"

आता दुसऱ्या कुणाही शहाण्या माणसानं 'नाही' म्हटलं असतं. दोन अक्षरं. वरची खोली तिथल्या तिथं मिळाली असती. पण ज्यानं उभ्या जन्मात तिसऱ्या मजल्याला चौथा म्हटलं नाही, तो माणूस म्हणाला, "मला दिसलं नाही. दिवे डोळ्यावर होते."

धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"खरंच दिसलं नाही गं," बाबा म्हणाले, पण आता ते आणखीच वाईट वाटलं.

"असू दे बाबा," ती म्हणाली. तिनं कपबशा गोळा केल्या, आत नेऊन ठेवल्या, आणि परत येऊन दाराशी चपला शोधायला लागली. धाकटा उठला. "निघतो आम्ही," तो म्हणाला. ते आईलाही नव्हतं आणि बाबांनाही नव्हतं, नुसतं खोलीला होतं. गेल्या वेळी तो असंच म्हणून निघाला होता, तेव्हा परत यायला त्याला दीड वर्ष लागलं होतं.

बाबांना एकदम लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखं झालं. अशा वेळी ते आतल्या लोकांशी काहीतरी बोलत राहायचे. काय बोलतोय याला महत्त्व नसायचं. माणसाचा आवाज येत राहिला की लोक घाबरत नाहीत.

"बूट चावत होते," ते म्हणाले.

"काय?" ताई म्हणाली.

"माझे बूट त्या काचेवर करकर वाजायला लागले. म्हणून त्यांनी त्यांचे बूट दिले. चकचकीत. एक नंबर लहान होते. मी काही बोललो नाही, उगाच कशाला त्यांचा खोळंबा." बाबा टीव्हीकडे पाठ करून खुर्चीसकट वळले. "मधमाशीचं डोक्यात होतंच. पण डाव्या अंगठ्यात असा ठणका लागला होता की मला मधमाशीपेक्षा अंगठाच जास्त दिसत होता. चार का म्हणालो ते मलाही माहीत नाही. लवकर सुटावं म्हणून म्हणालो असेन."

"बाबा, हे तुम्ही आत्ता सांगताय?" थोरला म्हणाला.

"करार होता."

"बुटांबद्दल नव्हता करार."

"मी धोका पत्करला नाही." बाबांनी धाकटीकडे पाहिलं. तिच्या एका पायात चप्पल होती. "हरल्यावर त्यांनी मला एका दारातून बाहेर काढलं. पुढचा माणूस आत जायचा होता ना. कॉलरचा माइक काढून घेतला आणि सगळे गेले. नुसता बोळ होता, दोन्हीकडे वायरी. कुठं जायचं ते कळेना. पाय उचलेना. तेवढ्यात ही आली. मला एका खोक्यावर बसवलं. खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि बूट काढला. माझा पाय. मी म्हणतोय, अगं राहू दे, लोक बघतील. तर म्हणते कशी, दिवसभर हेच करते मी, दुकानात."

धाकटी चपलांच्या दुकानात होती. आईनं हे आजवर नात्यातल्या कुणालाही सांगितलं नव्हतं.

"मग कपडेवाला आला बूट परत घ्यायला. तर म्हणाला, काका, ही बाई केव्हापासून आमच्याशी भांडतेय. तुम्ही चालत आत आलात तेव्हाच हिनं तिथून ओरडून सांगितलं, त्यांना बूट लहान होतायत, थांबवा. आम्ही म्हटलं, मॅडम, हसा, कॅमेरा तुमच्यावर आहे." बाबा थांबले. "एवढं मी पाहिलंय, ऐकलंय. त्याच्या आधीचं नाही दिसलं."

जाहिराती संपून कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. ताईनं आवाज बंद केला. भिंतीवर दुसरा कुणी माणूस तोंड हलवत राहिला.

आई बराच वेळ बाबांच्या डाव्या पायाकडे बघत होती. "म्हणून आठवडाभर सँडल घालून हिंडत होता," ती म्हणाली. "मला म्हणालात, हवा लागावी म्हणून."

"हवाही लागत होती."

आई उठली. तिनं पदर खोचला. ती पदर खोचते तेव्हा घरात एकतर साफसफाई निघते नाहीतर निकाल लागतो.

"तरी मला ते पटत नाही," ती म्हणाली. "हरला म्हटल्यावर माणूस हसेलच कसा? शेजारची बाई रडो नाहीतर नाचो. मी नसते हसले. घ्या माझा चेहरा. ए, काढ फोन."

ताईनं निमूट फोन काढला.

"आणि ते कोण म्हणत होतं तिथं, यंत्र लावून? तूच म्हण," आई दाराकडे बघून म्हणाली.

धाकटी एका चपलेनिशी आत आली. "आई, खरंच नको."

"म्हण म्हणते ना."

आई सोफ्याच्या कडेवर बसली. थोरल्याला सरकवलं. केस सारखे केले. मग तिनं चेहरा लावला. दुखवट्याला जाताना ती जो लावते तोच, फक्त आणखी थोडा खाली ओढलेला. थोरल्यालाही राहवलं नाही, त्यानंही शेजारी तसाच लावला. आणि बाबांना वाटलं, आपणही मदत करावी. ते समोरच्या खुर्चीत हरल्यासारखे बसले, खांदे पाडून, डावा पाय जरा पुढे काढून.

"टेन्शन," धाकटी हळूच म्हणाली.

सगळ्यांनी टेन्शन केलं.

"आता," ती म्हणाली, "बाबा हरले."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी खालचा ओठ बाहेर काढला. बायकोला खूश करायला माणूस आणखी काय करणार.

पहिला आवाज आईच्या नाकातून आला. तिनं तो परत आत ओढायचा प्रयत्न केला. मग खांदे हलायला लागले. मग तिनं थोरल्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली, जणू चूक त्याची होती, आणि मान मागे टाकून जी हसायला लागली ती थांबेचना. "अहो, ओठ आत घ्या," एवढंच ती मधूनमधून म्हणत होती. थोरल्याचा मुखवटा केव्हाच गळून पडला होता. धाकटा स्टुलावरून उठून भिंतीला टेकला. धाकटी दारातच खाली बसली, हसत की रडत, बाबांना नक्की कळलं नाही. दिवे डोळ्यावर नव्हते तरी.

ताईनं फोन सगळ्यांसमोर धरला. त्यात आई मान मागे टाकून, डोळे मिटून, पोट धरून हसत होती.

"घ्या," ताई म्हणाली. "हे आता कुठंही चिकटवता येईल. बाबांच्या ऑपरेशनलासुद्धा."

"पुस ते," आई डोळे टिपत म्हणाली.

"आई, तुझी खालची एक दाढ दाखवून घे," थोरला म्हणाला. "किडलीये."

एवढ्यात आईचा फोन वाजला. मावशी. म्हणजे आईची धाकटी बहीण, तिला एक गोष्ट कळली की ती सगळ्या नात्यात पोचायला टीव्ही लागत नाही. आईनं नाव बघितलं आणि तिचा चेहरा जागेवर आला. बहिणीपुढे आईनं कधी हार खाल्लेली नव्हती.

"हं, बोल," आई म्हणाली. "हो, पाहिलं ना. सगळे इथंच बसलोय... हो, चार म्हणाले. ह्यांना बूट चावत होता... कोण?... हं. हसली ना. मग?"

धाकटीनं दाराच्या चौकटीला धरलं.

"अगं, मीच सांगून पाठवलं होतं तिला," आई म्हणाली, इतक्या सहज की बाबांनासुद्धा क्षणभर खरं वाटलं. "म्हटलं, हे गडबडले ना की तू समोरून मस्त हसत राहा. ह्यांना माझ्या हसण्याची सवय आहे, दुसरं काही दिसलं की घाम फुटतो... माझी? माझी आज्ञा नाही काही. सांगितलं, तिनं केलं. पोरगी लांब तिकडे एकटी घेऊन गेली ह्यांना, नीट घेऊन आली. पायातला बूटसुद्धा हातानं काढला... नाही, नाटक कसलं. आमच्यात असंच असतं. तुझी सून? अगं, ती तर तू जिंकलीस तरी हसायची नाही."

पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. आईनं फोन कानापासून लांब धरला, मग म्हणाली, "ठेवते, केक खायचाय," आणि ठेवला.

आईनं खोचलेला पदर सोडला, पुन्हा खोचला.

"आई, तुम्ही असं कधी सांगितलं होतं?" धाकटी म्हणाली.

"आत्ता सांगितलं ना." आई केकची सुरी पुसत होती. "उद्या सकाळी परत दाखवणार आहेत म्हणे. ती परत फोन करेल. मग तिची नणंद करेल. मी एकटी कुणाकुणाशी खोटं बोलू? तू घरात असलेली बरी. काढ ती चप्पल, एका पायानं काय उभी राहिलीस." मग धाकट्याकडे वळून, "वर गाद्या आहेत. झटकून घाला. बाकी सामान रविवारी आणा."

धाकटा आईकडे बघतच राहिला. थोरल्यानं त्याला जिन्याकडे ढकललं, तेव्हा तो हलला. नवरा-बायको वर गेली.

बाबा जागेवरच बसून होते. आई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं खाली वाकून त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख पाहिलं. ते काळंनिळं होऊन आता कडेनं सुटत आलं होतं.

"आणि ते काय होतं?" ती म्हणाली.

"कुठलं?"

"कधीपासून बघतेय, काहीतरी सांगायचं होतं तुम्हाला. 'चार' म्हणायच्या आधी तोंड उघडून बसला होता इथं खुर्चीत. टीव्हीत नाही, इथं."

मग बाबांनी गोष्ट सांगितली. दोन साहेब, लिफ्ट, मधमाशी, दुसरा मजला. आई लक्ष देऊन ऐकत होती. ती हसली नाही. शेवटी म्हणाली, "असं अर्धवट बोलून कसे काय उतरतात लोक," आणि त्यांच्या बशीत केकचा तुकडा ठेवला.

वरून खिडकी ढकलल्याचा आवाज आला. मग पुन्हा, जरा जोरात.

"अडकते ती," आई जिन्यापाशी जाऊन वर तोंड करून म्हणाली. "नुसती ढकलू नकोस. आधी खालून उचल, मग ढकल."